पोटरी सुजली तर फोन कुणाला?

खिडकीच्या काचेवर धरून, मागून येणाऱ्या उजेडात काढलेला एक्स-रेचा फोटो. एका कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठा आलाय. खाली दोन ओळी: "आईचा गुडघा. ऑपरेशन करावंच लागेल का? तिकडे किती दिवस राहावं लागेल?" परदेशी पेशंट घेणाऱ्या हॉस्पिटलांच्या इंटरनॅशनल डेस्कवर असे मेसेज रोज येऊन पडतात. डेस्कच्या भाषेत ही एक 'लीड', म्हणजे होऊ घातलेलं गिऱ्हाईक. ती सिस्टिममध्ये चढते, तिला नंबर मिळतो, कुणाच्या तरी नावावर टाकली जाते आणि 'हॉट', 'वॉर्म', 'कोल्ड' यांतला एक शिक्का तिच्यावर बसतो.

इथून पुढे हॉस्पिटल त्या माणसाशी जे जे बोलतं, जे लक्षात ठेवतं आणि जे विसरतं, त्या सगळ्याच्या व्यवस्थेला कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट म्हणतात, थोडक्यात सीआरएम. आणि अशा हजारो अनुभवांतून हॉस्पिटलच्या नावाला जी किंमत येते ती ब्रँड इक्विटी. या दुसऱ्या शब्दासाठी मराठीत आयता शब्द आहे: नावाची पुण्याई. 'ब्रँड' म्हटलं की लोगो आणि जाहिरात डोळ्यांसमोर येते, पुण्याई म्हटलं की ती कमवावी लागते हे वेगळं सांगावं लागत नाही. ती साठते, खर्चही होते, आणि थोरल्यांनी मिळवलेली असली तर धाकटे ती किती दिवस पुरवणार, हा प्रश्नही आपोआप येतो.

हॉस्पिटलची पुण्याई कुठे साठते आणि कुठे गळते हे कळायला आधी एक विचित्र गोष्ट मान्य करावी लागते. आपण काय विकत घेतलं हे पेशंटला कळत नाही. घेऊन झाल्यावरही कळत नाही.

काही वस्तूंचा दर्जा घेण्याआधीच दिसतो. खुर्ची डुगडुगते का, ते बसून बघता येतं. काहींचा वापरल्यावर कळतो, जसा केस कापणाऱ्याचा हात. आणि काही गोष्टी अशा असतात की वापरून झाल्यावरही त्या चांगल्या होत्या का हे आपल्याला ठरवता येत नाही. १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी या तिसऱ्या गटाला 'क्रेडेन्स गुड्स' असं नाव दिलं. आपण त्यांना भरवशाच्या वस्तू म्हणू. त्यांनी दिलेलं एक उदाहरण अपेंडिक्सच्या ऑपरेशनचं होतं. अपेंडिक्स काढलं, पोट दुखायचं थांबलं, पण ते काढायची खरंच गरज होती का? ज्याचं पोट फाडलं त्याला हे स्वतःहून कधीच कळणार नाही. आईच्या गुडघ्याचंही तेच. चालता येतंय, दुखत नाही. पण सांधा बरोबर कोनात बसलाय का, पंधरा वर्षं टिकेल का, नुसत्या व्यायामाने आणखी चार वर्षं ढकलता आली असती का, यांतलं काहीच तिला आतून जाणवत नाही.

मग पेशंट जे मोजता येतं ते मोजतो. बेल वाजवल्यावर नर्स किती वेळाने आली. डॉक्टर दारात उभं राहून बोलले की खुर्ची ओढून बसले. एस्टिमेट आणि बिल यांच्यात किती फरक पडला. तोच प्रश्न चार जणांनी चार वेळा विचारला का. 'हे वरवरचं आहे, खरी गुणवत्ता ऑपरेशन थिएटरात असते', असं म्हणणारे डॉक्टर पुष्कळ भेटतात. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल १९९७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. ज्यांच्यावर पेशंटकडून कधी निष्काळजीपणाचा दावा झालेला नाही असे फॅमिली डॉक्टर आणि ज्यांच्यावर झालेत असे डॉक्टर पेशंटशी कसे बोलतात, हे ध्वनिमुद्रण करून तपासलं होतं. दावे न झालेले डॉक्टर सरासरी १८.३ मिनिटं देत, दुसरे १५. फरक जेमतेम तीन मिनिटांचा. त्या तीन मिनिटांत ते वेगळं काय करत? 'आधी मी तपासतो, मग आपण बोलू' असं पुढचं सांगून ठेवत, पेशंटला त्याचं मत विचारत, आणि जास्त हसत. सर्जनांच्या बाबतीत मात्र असा फरक आढळला नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर गोड बोललं की झालं, असा सोयीचा अर्थ कुणीही काढेल.

आता सीआरएम. हा शब्द उच्चारला की समोरचा सॉफ्टवेअरचं नाव विचारतो. पण सॉफ्टवेअर हे कपाट. मुख्य प्रश्न असा की आपल्या पेशंटबद्दल हॉस्पिटलला काय आठवतं आणि ते योग्य वेळी योग्य माणसाला आठवतं का. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण संगणकाच्या कितीतरी आधीचं आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं मेयो क्लिनिक. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथले डॉक्टर आपापल्या वहीत आपापल्या पेशंटच्या नोंदी करत. एकाच बाईला तीन डॉक्टरांनी तपासलं तर तिची कहाणी तीन वह्यांत विखुरलेली असे. १९०७ मध्ये डॉ. हेन्री प्लमर यांनी ही पद्धत मोडली. प्रत्येक पेशंटला एक नंबर, एक फोल्डर, आणि कुणीही तपासलं तरी नोंद त्याच फोल्डरमध्ये. मग ती फोल्डरं इमारतीत इकडून तिकडे फिरवायला लिफ्ट आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळ्यासुद्धा आल्या. मेयोच्या नावाची पुण्याई कशात आहे असं विचारलं तर लोक मोठमोठी नावं घेतात. मला त्यात त्या फोल्डरचा वाटा फार मोठा वाटतो. दुसऱ्या खोलीतल्या डॉक्टरला पहिल्या खोलीत काय झालं ते आधीच ठाऊक असणं, याचा पेशंटच्या मनावर जो परिणाम होतो तो कुठल्या फलकाने होत नाही.

याच्या उलट टोकाला काय असतं? ज्याचा मृत्यू त्याच हॉस्पिटलात झाला, त्याच्या मोबाईलवर वर्षभराने 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! हेल्थ चेकअपवर खास सवलत' असा मेसेज. तो फोन आता मुलीकडे असतो. मेसेज पाठवणाऱ्या सिस्टिमला जन्मतारीख माहीत होती. मृत्यूची नोंद दुसऱ्या सिस्टिममध्ये होती आणि दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. यात कुणाचाच वाईट हेतू नसतो, पण ते घर त्या हॉस्पिटलचं नाव पुन्हा घेत नाही.

सीआरएम मुळात बँका, विमान कंपन्या, दुकानं यांच्याकडून आलं, आणि येताना त्यांचं गणितही घेऊन आलं: गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा यावं, दरवेळी थोडं जास्त खरेदी करावं. हॉस्पिटलात हे गणित सरळ सरळ उलटं पडतं. बायपास झालेला माणूस दोन वर्षांनी पुन्हा बायपासला आला तर ती 'ग्राहकनिष्ठा' म्हणायची का? इथे नात्याची किंमत तो स्वतः किती वेळा येतो यात नसते, तो कुणाकुणाला पाठवतो यात असते. आणि मधुमेहासारख्या दीर्घ आजारात तो औषध सोडत नाही, तपासणी चुकवत नाही, यात असते. 'एमआरआय कोटा भरला का' असा आकडा डॅशबोर्डवर झळकायला लागला की समजावं, दुकानाचं गणित आत शिरलं.

समाधान मोजायला जावं तर तिथेही घोळ आहेच. अमेरिकेत हॉस्पिटलातून घरी गेलेल्या पेशंटना ठरावीक प्रश्न विचारून त्याचे निकाल २००८ पासून जाहीर केले जातात. 'नर्सनी तुमचं म्हणणं लक्षपूर्वक ऐकलं का?' याला 'बहुतेक वेळा' असं उत्तर आलं तर चांगलं वाटेल, पण सर्वांत वरच्या गुणांत फक्त 'नेहमी' धरलं जातं. २०१२ पासून या गुणांवर हॉस्पिटलला मिळणाऱ्या सरकारी पैशाचा काही भागही अवलंबून राहिला. हेतू चांगला होता. पण प्रश्नावलीत वेदनेबद्दलही प्रश्न होते, आणि अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाचं संकट तिथे उग्र झालं तेव्हा, चांगले गुण मिळावेत म्हणून डॉक्टरांवर औषध लिहून देण्याचा दबाव येतो, अशी ओरड झाली. शेवटी वेदनेचे प्रश्न पैशाच्या हिशेबातून काढले. पेशंट खूश असणं आणि पेशंटचं भलं होणं बहुतेकदा हातात हात घालून चालतात. बहुतेकदाच.

आता हेच सगळं सीमेपलीकडे नेऊ. आपल्याच गावातल्या हॉस्पिटलबद्दल शेजाऱ्यांना विचारता येतं, नात्यातली नर्स सापडते. आईचा गुडघा दुसऱ्या देशात करायचा म्हटलं की हे सगळे आधार गळतात. मेडिकल टुरिझम हा शब्दच मला खटकतो, कारण ऑपरेशनच्या वेदना सहन करायला सहलीला कुणी जात नाही. तरी शब्द रुळलाय. या प्रवासात पेशंट एका नावावर नाही, नावांच्या उतरंडीवर भरवसा टाकतो: आधी देश, मग शहर, मग हॉस्पिटल, आणि सर्वांत शेवटी सर्जन.

शहराचं नावच ब्रँड झाल्याची उदाहरणं मजेशीर आहेत. अमेरिकेच्या सीमेला चिकटून मेक्सिकोत लॉस अल्गोदोनेस नावाचं छोटंसं गाव आहे, तिथे दातांचे दवाखाने इतके की त्याला 'दाढांचं शहर' म्हणतात. ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ हंगेरीतलं मोशोनमाग्यारोवार दातांसाठीच प्रसिद्ध. केस लावून घ्यायला जग इस्तंबूलला जातं. अशा ठिकाणी एखाद्या दवाखान्याची पुण्याई त्याच्या एकट्याच्या मालकीची नसते, सगळ्यांची सामाईक असते. आणि सामाईक असल्यामुळे एकाच्या चुकीने सगळ्यांची जळते. २०२३ मध्ये मेक्सिकोतल्याच मातामोरोस शहरात कॉस्मेटिक शस्त्रक्रियांसाठी पाठीच्या कण्यात भूल दिलेल्या अमेरिकी पेशंटांना बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाचा दाह झाला. काही दगावले. दवाखाने दोन होते. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते शहराचं नाव.

याहून बोचरं उदाहरण एका एन्झाइमचं आहे. जवळपास कुठल्याच अँटिबायोटिकला दाद न देण्याची ताकद जिवाणूंना देणारं हे एन्झाइम एका स्वीडिश पेशंटच्या नमुन्यात २००८ मध्ये सापडलं. त्या पेशंटवर आधी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून त्याचं नाव पडलं 'न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज', म्हणजे एनडीएम-१. ऑगस्ट २०१० मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय प्रकाशनाच्या संसर्गजन्य रोगांवरच्या नियतकालिकातल्या लेखाने त्याचा संबंध भारतात शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या ब्रिटिश पेशंटांशी जोडला आणि भारतात संताप उसळला. जानेवारी २०११ मध्ये लॅन्सेटच्या संपादकांनी, असं नाव द्यायला नको होतं, अशी कबुली देऊन माफी मागितली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या आजारांना गावांची, देशांची नावं देऊ नयेत असा संकेतच घालून दिला. एन्झाइमचं नाव मात्र तेच राहिलं. माझं मत विचाराल तर नावावरचा राग समजण्यासारखा होता, पण त्या गदारोळात मूळ मुद्दा, म्हणजे अँटिबायोटिकचा बेसुमार वापर, बराच काळ झाकला गेला. पुण्याई वाचवायची घाई झाली की असं होतं.

बरं, परक्या देशातल्या अनोळखी हॉस्पिटलवर भरवसा बसावा तरी कसा? एक वाट उसन्या भरवशाची. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेने १९९४ मध्ये जॉइंट कमिशन इंटरनॅशनल, म्हणजे जेसीआय, ही शाखा काढली. १९९९ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या एका हॉस्पिटलला तिची पहिली मान्यता मिळाली. बँकॉकच्या बुमरुंग्राड हॉस्पिटलची गोष्ट यात नेहमी सांगितली जाते. जुलै १९९७ मध्ये थायलंडचं चलन कोसळलं, स्थानिक लोकांना खासगी उपचार परवडेनात, आणि हॉस्पिटलची नवी मोठी इमारत नुकतीच उभी राहिलेली. पलंग भरायला त्यांनी बाहेरच्या देशांकडे पाहिलं. २००१ नंतर अमेरिकेचा व्हिसा मिळणं अवघड झालेले आखाती देशांतले पेशंटही बँकॉककडे वळले. २००२ मध्ये बुमरुंग्राडला जेसीआयची मान्यता मिळाली, आशियात पहिलीच. दुभाषे, विमानतळावर घ्यायला माणूस, कागदपत्रं एका टेबलावर, असा परदेशी पेशंटचा जो साचा आज जगभर दिसतो तो घडवण्यात या हॉस्पिटलचा मोठा हात आहे.

मान्यतेचा कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे मात्र नीट वाचावं. औषधं नीट ठेवली जातात का, चुकीच्या बाजूचं ऑपरेशन होऊ नये म्हणून तपासणी होते का, हात धुण्याची शिस्त आहे का, अशा पद्धती तो तपासतो आणि दर तीन वर्षांनी पुन्हा तपासतो. तुमच्या सर्जनचा हात कसा आहे, हे त्या कागदात नसतं.

दुसरी वाट एजंटची, आणि इथे सीआरएमची सगळ्यात मोठी गळती आहे. बरेच परदेशी पेशंट मध्यस्थामार्फत येतात. फोटो त्याच्याच व्हॉट्सॲपवर येतो, शंका त्यालाच विचारल्या जातात, भाषाही त्यालाच कळते. हॉस्पिटलकडे उरतो एक पासपोर्ट नंबर आणि एक बिल. मग नातं कुणाचं झालं? घरी गेल्यावर पेशंट फोन करतो तो एजंटला. एजंट चांगला असेल तर निभावतं. पण त्याला कमिशन कुठून मिळतं हे पेशंटला माहीत नसतं, आणि ज्या दिवशी ते कळतं त्या दिवशी एजंटचं आणि हॉस्पिटलचं, दोघांचंही नाव एकदम उतरतं. कमिशन उघड करणारी हॉस्पिटलं थोडी आहेत. ती उगाच भोळेपणा करत नाहीत, पुण्याईचा हिशेब त्यांना नीट येतो.

चूक झाल्यावर काय करायचं, याचाही हिशेब आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलांनी २००१ पासून एक धोरण धरलं: चूक झाली असेल तर ती आपणहून सांगायची, माफी मागायची, भरपाई द्यायची, आणि झाली नसेल तर ठामपणे लढायचं. वकिलांना वाटलं, दाव्यांचा पूर येईल. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की दर एक लाख भेटींमागे महिन्याला ७.०३ नवे दावे येत होते ते ४.५२ वर आले. याच काळात इतर कारणांनीही दावे कमी होत असतील, हे अभ्यासकांनीच नोंदवलंय. पूर मात्र आला नाही.

इंटरनेटवरच्या वाईट रिव्ह्यूला चिडून उत्तर देणं ही याच्या नेमकी उलट वाट. 'या बाईंनी आम्ही सांगितलेल्या गोळ्या घेतल्या नव्हत्या' असं जाहीर लिहिलं की हॉस्पिटलने पेशंटची खासगी माहिती चव्हाट्यावर मांडली. अमेरिकेत अशा उत्तरांसाठी दवाखान्यांना दंड झालेले आहेत. सीआरएममध्ये जे साठतं ते इतरांच्या डेटासारखं नाही. कुणाचं गर्भाशय काढलंय, कुणाला एचआयव्ही आहे, हे मार्केटिंगच्या मुलाच्या स्क्रीनवर दिसायचं काहीच कारण नाही, आणि कित्येक ठिकाणी ते दिसतं.

आता परत आईकडे. समजा ऑपरेशन छान झालं. दोन आठवड्यांनी लांबच्या विमानप्रवासाने ती घरी पोचली. चौथ्या दिवशी ऑपरेशन झालेल्या पायाची पोटरी दुखायला लागली, जरा सुजलीही. गुडघा बदलल्यानंतर, त्यात लांबचा प्रवास झालेला असताना, हे पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाल्याचं लक्षण असू शकतं. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. घराजवळचा डॉक्टर म्हणतो, ऑपरेशन कुणी केलं त्यांना विचारा. मुलगा फोन काढतो. इंटरनॅशनल डेस्कचा नंबर लागतो, पण ज्या मुलीने सहा आठवडे रोज मेसेज केले तिने नोकरी सोडलीय. नवीन माणूस विचारतो, "सर, आपला पेशंट आयडी?"

म्हणून परदेशात ऑपरेशन ठरवणाऱ्याने खोलीचे फोटो आणि यशाची टक्केवारी बघण्याआधी, अगदी पहिल्या मेसेजलाच एक प्रश्न विचारून पाहावा: घरी परतल्यावर पोटरी सुजली तर मी फोन कुणाला करायचा? 'काही काळजी करू नका, आमचा सक्सेस रेट उत्तम आहे' असं उत्तर आलं तर त्यातून बरंच कळतं. चांगलं उत्तर लांब असतं आणि थोडं कंटाळवाणं. त्यात एका माणसाचं नाव असतं, तो नसेल तर दुसऱ्याचं, आणि रात्री कुठला नंबर लागतो तेही. आमची वाट न बघता आधी जवळच्या इमर्जन्सीत जाऊन डॉप्लर, म्हणजे शिरेतली गाठ दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या, मग तिथल्या डॉक्टरांशी आमचे डॉक्टर बोलतील, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. बसवलेल्या सांध्याचा मेक आणि लॉट नंबर, रक्त पातळ करायची गोळी किती दिवस आणि किती, हे सगळं तुमच्या डॉक्टरला वाचता येईल अशा भाषेत डिस्चार्जच्या वेळी हातात मिळेल, असंही असतं.

आणि हॉस्पिटल चालवणाऱ्याने आपल्या सिस्टिममध्ये एवढंच उघडून पाहावं की त्या आईच्या नोंदीपुढे आज काय लिहिलंय. बहुतेक तयार सॉफ्टवेअरमध्ये बिल भरलं की शेवटचा टप्पा आपोआप पडतो: 'क्लोज्ड – वन' (Won), म्हणजे सौदा जिंकला, विषय संपला. तो बदलून 'घरी पोचल्या, चौथ्या आणि चौदाव्या दिवशी फोन' असा टप्पा घालायला फार तर अर्धा तास लागतो. तो फोन करणारा माणूस पगारावर ठेवायला मात्र बैठक बोलवावी लागते.